धडधाकट बाईचं मृत्युपत्र

सत्तेचाळिसाव्या वर्षी, हातपाय धड असताना, मी मृत्युपत्र करायचं ठरवलं आणि त्या दिवसापासून आजूबाजूच्या यच्चयावत माणसांनी मला मारायचं मनावर घेतलं.

कारण तसं किरकोळ होतं. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. चोवीस वर्षं लोकांना "हे स्पष्ट दिसतं की मघाचं?" एवढंच विचारत आलेय. एके दिवशी दुकानात तीन भाऊ आले. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा सोनेरी फ्रेमचा चष्मा दुरुस्तीला पडला होता. बाई एकट्या राहायच्या. त्या गेल्या आणि त्यांचे हे तीन पुतणे पावती घेऊन हजर. पावती एक, चष्मा एक, पुतणे तीन. थोरला म्हणाला, "मोठा मी." मधला म्हणाला, "दवाखान्यात मी नेत होतो." धाकटा काहीच म्हणाला नाही, त्याने सरळ हात घातला. दोन मिनिटांत चष्म्याची एक काडी थोरल्याच्या हातात, एक धाकट्याच्या, आणि काचा जमिनीवर. त्या काचांचा नंबर मी काढला होता. चार वेळा तपासून. माझ्या मनाला ते फार लागलं.

आता माझंही लग्न झालेलं नाही. मूलबाळ नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं, मागे बाल्कनी असलेलं, माझ्या कमाईचं घर मात्र आहे. म्हटलं, आपल्या मागे आपल्या घराच्या काड्या व्हायला नकोत. एक पान लिहायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, विषय संपला. शनिवारी मला सुट्टी असते. शनिवारी सकाळी उरकून टाकू, आणि दुपारी पंख्याची पाती पुसू, असा माझा बेत होता. पाती अजून तशीच आहेत.

पहिली चूक मी केली ती म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींकडे घराच्या कागदाची नक्कल मागितली. हे गृहस्थ पूर्वी तार ऑफिसात होते, आणि तारा बंद झाल्या हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "डॉक्टरांनी किती मुदत दिलीय?"

"कसली मुदत? मला काहीही झालेलं नाही."

"असंच म्हणायचं असतं," ते म्हणाले. "धीर सोडू नका. पण तुम्हाला मृत्युपत्राची गरजच काय? आमच्या रजिस्टरात नॉमिनी म्हणून तुमच्या भावाचं नाव आहे. नॉमिनी म्हणजेच वारस."

त्या विषयावर आमची अर्धा तास खडाजंगी झाली. नंतर वकिलांनी सांगितलं की नॉमिनी हा नुसता राखणदार, मालक नव्हे. पण सेक्रेटरींच्या रजिस्टरावर देवसुद्धा अपील करू शकत नाही, मग मी कोण!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तळमजल्यावरच्या काकू वाटीभर सूप घेऊन दारात उभ्या. जिन्यात लोक मला भिंतीकडची बाजू देऊ लागले. दुकानाच्या मालकांनी एका मुलीला माझ्या शेजारी "नुसतं बसून बघ" म्हणून बसवलं. मला मनस्वी संताप आला. मी धडधाकट आहे हे जगाला दाखवायचं म्हणून मी मुद्दाम तिन्ही जिने धावत चढू लागले. तिसऱ्या दिवशी मला धाप लागली. ती लागताना सेक्रेटरींनी पाहिली. संध्याकाळी सूप दोन वाट्या आलं.

इथे कुणीही शहाण्या माणसाने नाद सोडला असता. पण लोक मला ज्या कामापासून थोपवतात ते काम पुरं केल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ही माझी खोड म्हणा नाहीतर प्रकृती म्हणा.

वकीलसाहेबांचं ऑफिस एका बेकरीच्या वर होतं. त्यांनी आधी मला शब्दच बदलायला लावला. "मृत्युपत्र नका म्हणू, इच्छापत्र म्हणा. बरं वाटतं."

"साहेब, मला बरंच आहे. कामाचं बोला."

"घर कुणाला?"

"भाच्याला. भावाच्या मुलाला. आणखी कुणाला देणार?" मी म्हणाले. चहात साखर किती विचारल्यावर माणूस जसं उत्तर देतो, तसं मी ते दिलं. भाचा वीस वर्षांचा आहे, आत्या म्हणून वाढदिवसाला मेसेज करतो, आणि मेसेजमध्ये तीन केक पाठवतो. विचार करण्यासारखं त्यात मला काही वाटलं नाही.

आठ दिवसांनी मसुदा आला. मी पहिलं वाक्य वाचलं आणि खुर्चीत ताठ बसले. "मी खाली सही करणारी, अविभाजित असून, माझी प्रकृती ठणठणाट आहे व मी हे पत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, अपूर्ण शुद्धीत लिहीत आहे."

वकीलसाहेब कागद हात लांब करून, जवळजवळ समोरच्या भिंतीवर टेकवून वाचत होते. मी चोवीस वर्षं ज्या खात्यात घालवली, त्या खात्यातली ही बाब होती. "साहेब, तुम्हाला जवळचा चष्मा लागलाय. निदान दीडचा."

"छे, छे. मला वाचायला चष्मा लागत नाही."

"म्हणूनच मी अविभाजित आहे," मी म्हणाले.

ते चिडले. पण दोन दिवसांनी दुकानात आले, गुपचूप. पावणेदोन निघाला. पुढचा मसुदा मात्र स्वच्छ आला. फक्त सोबत चिठ्ठी होती: तब्येतीचं आणि मनःस्थितीचं डॉक्टरी सर्टिफिकेट जोडा, म्हणजे मागाहून कुणी शंका काढायला नको.

आमचे डॉक्टर जुने. त्यांनी विचारलं, "काय होतंय?"

"काहीच नाही."

"मग सर्टिफिकेट कशाचं?"

"काही नसल्याचं."

"काही असेल तर लगेच देता येतं," डॉक्टर म्हणाले, "काही नसल्याचं द्यायचं म्हणजे तपासावं लागतं." मग त्यांनी रक्तदाब घेतला, जीभ पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली. मनःस्थितीसाठी शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. मी म्हटलं, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट.

"चौसष्ट," डॉक्टर म्हणाले.

"पासष्ट."

"बाई, परीक्षा तुमची आहे."

"म्हणून उत्तर चुकीचं द्यायचं?"

डॉक्टरांनी बोटं मोजली. मग सर्टिफिकेट लिहिलं: "प्रकृती उत्तम. स्मरण व गणित चांगले. स्वभाव हेकेखोर." मी म्हटलं, शेवटचं वाक्य खोडा. ते म्हणाले, "तेवढंच तर मी स्वतः तपासून लिहिलंय."

एव्हाना बातमी दादापर्यंत गेली होती. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याच्याकडे आई, वहिनी आणि भाचा राहतात. रविवारी त्याने मला बोलावून घेतलं. सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते. दादा खुर्चीत, भाचा मोबाईलमध्ये, आई कॉटवर, आणि वहिनी दारात, आतबाहेर करायला सोपं पडतं तिथे.

"आमचं काय चुकलं तेवढं सांग," दादाने सुरुवात केली.

"कुणाचंच काही चुकलं नाही. मी एक कागद करतेय."

"माझ्या आधी?" आई कॉटवरून कडाडली. शहात्तर वर्षांची बाई, पण आवाज असा की समोरच्या इमारतीतले लोक गप्प होतात. "रांगेत मी पुढे आहे. मध्ये घुसू नकोस."

"आई, मृत्युपत्राला रांग नसते."

"मरणाला तर असते ना?"

"अगं पण गरजच काय कागदाची?" दादा समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुझं घर आपोआप आमच्याकडेच येणार. घराण्यातच राहणार."

मला तो 'आपोआप' शब्द खटकला. माझ्या आयुष्यात आजवर एकही गोष्ट आपोआप झालेली नाही. घर घेताना याच खुर्चीत बसून दादा म्हणाला होता की एकट्या बाईमाणसाला घर कशाला. त्या घराचा प्रत्येक नळ, प्रत्येक कडी मी भांडून बसवून घेतलीय. आणि जाणार मात्र आपोआप!

भाच्याने मान वर केली. "आत्या, मागची खोली किती बाय किती आहे?"

"का रे?"

"काही नाही. सहज."

या सगळ्यात वहिनीने फक्त एकदा तोंड उघडलं. "तुला खरंच काही होत नाहीये ना गं?" तिने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत दादा तिला म्हणाला, "तू आत बघ जरा. तुला यातलं काय कळतंय." ती आत गेली. मी एवढंच म्हणून उठले की कागद होणार म्हणजे होणार, आणि शनिवारी वकिलांकडे सह्या आहेत.

आता प्रश्न साक्षीदारांचा. दोन हवे होते. आमच्या दुकानात काचा घासणारे काका आहेत, तीस वर्षं यंत्रासमोर बसून त्यांचं बोलणंच घासून गेलंय. त्यांनी विचारलं, "काय लिहावं लागेल?" मी म्हटलं, फक्त नाव. ते "बरं" म्हणाले. एक साक्षीदार झाला. दुसऱ्यासाठी मात्र दारोदार फिरावं लागलं. सेक्रेटरी म्हणाले, मी पदावर आहे, मला तटस्थ राहावं लागतं. तळमजल्यावरच्या काकू आधी आनंदाने तयार झाल्या आणि मग म्हणाल्या, "तुझं ते आरशाचं कपाट मला फार आवडतं हं. लिहिताना लक्षात असू दे."

"काकू, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. वकील म्हणतात, नसता वाद होतो."

काकूंनी मोठ्या विचाराने कपाट निवडलं.

शेवटी वहिनीचा फोन आला. "कुणी मिळत नाहीये म्हणे. मी येऊ? यांना सांगितलं नाहीये. भाजी आणायला जाते म्हणून निघेन."

शनिवारी ती खरोखरच पिशवी घेऊन आली. आम्ही दोघी बेकरीच्या बाजूचा अरुंद जिना चढत होतो, ती पुढे, मी मागे. काचवाले काका आधीच वर जाऊन बसले होते. मधल्या वळणावर थांबून वहिनीने विचारलं, "तुझ्याकडे येताना काकू भेटल्या, कपाटाचं सांगत होत्या. साक्षीदाराला खरंच काहीच मिळत नाही?"

"नाही गं. काहीच नाही."

"मग बरं झालं मलाच बोलावलंस," ती म्हणाली. "मला सवय आहे."

यात कडवटपणा असता तर मला इतकं लागलं नसतं. ती हसून, धाप टाकत, पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली आणि पुढच्या पायऱ्या चढू लागली. मी तिथेच उभी राहिले. पंचवीस वर्षं ही बाई आमच्या घरात आहे. मला टायफॉईड झाला तेव्हा तीन आठवडे माझ्या घरी येऊन राहिली ती हीच. आईच्या गुडघ्याला रोज तेल लावते ती हीच. आणि दीड मिनिटात मी मनात हिशेब केला की हिच्या नावावर काय आहे. एक वाचनालयाचं कार्ड आहे. तेही दादाच्या पत्त्यावर.

मी लोकांना रोज विचारते, स्पष्ट दिसतंय का. माझ्या स्वतःच्या डोळ्यांची तपासणी त्या जिन्यात झाली.

वकीलसाहेब नवा चष्मा लावून तयार होते. "चला, साक्षीदार दोन्ही आले ना?"

"एकच आला," मी म्हणाले. "वहिनी साक्षीदार नाही."

वहिनी चपापली. "का? माझं काय चुकलं?"

"साक्षीदार झालीस तर तुला काही मिळणार नाही. साहेब, भाच्याचं नाव काढा. तिथे हिचं घाला."

काचवाल्या काकांनी प्रथमच मान वर केली. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि वहिनी जी काही भडकली! पंचवीस वर्षांत मी तिला भडकलेलं पाहिलं नव्हतं. "वेड लागलंय का तुला? मला नको तो ताप. घरात रणकंदन होईल. पोराचं घर मी घेऊ? मला नको, नको म्हणजे नको."

"पोराचं नाही, माझं आहे. आणि तू नको म्हणालीस तरी मी लिहिणार. मी हेकेखोर आहे, तसं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे."

ती तोंड फिरवून खिडकीशी उभी राहिली. खालून पावाचा वास येत होता. मग पाठमोरी असतानाच तिने विचारलं, "तुझ्या मागच्या बाल्कनीत दुपारचं ऊन येतं का गं?"

"चारपर्यंत असतं."

"हं," ती म्हणाली.

ही बातमी दादाला मी स्वतः फोनवर सांगितली. वहिनीच्या डोक्यावर ते ओझं नको होतं. तो आधी हसला. मग म्हणाला, "तिला देऊन काय उपयोग?" मग ओरडला. मग आठ दिवस अबोला. वकील म्हणाले, घरात असं वातावरण आहे तर कागद नोंदवूनच टाका. आणि दुसरा साक्षीदार? तो आपणहून आला. तळमजल्यावरच्या काकू संध्याकाळी वर आल्या, हातात सूप नव्हतं. "सेक्रेटरी सांगत होते, वहिनीला देतेयस म्हणून. खरं?"

"खरं."

काकू जरा वेळ माझ्या आरशाच्या कपाटात स्वतःकडे बघत राहिल्या. "ठेव तुझं कपाट," त्या म्हणाल्या. "सही कुठे करायची ते सांग."

नोंदणी ऑफिसात आम्ही दहाला पोहोचलो. मी, वकील, काका आणि काकू. वहिनी बाहेर बाकावर. कारकुनाने कागद उलटेपालटे केले आणि त्याचा चेहरा उजळला. "घराच्या कागदावर तुमच्या नावात पहिली वेलांटी आहे, ओळखपत्रावर दुसरी. म्हणजे या दोन बाया झाल्या. एकीच्या घराचं पत्र दुसरी कसं करणार?"

त्या दोन बाया एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करण्यात दोन तास गेले. मग सर्टिफिकेट निघालं. "हेकेखोर हा आजार आहे का?" कारकुनाने विचारलं. "पूर्वीचा आहे की नवीन?" त्याने ते आतल्या नोंदणी अधिकारी साहेबांकडे नेलं. साहेबांनी मला आत बोलावलं.

"बाई, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "सगळ्यांचा आहे. पण हे करू नये म्हणून."

तेवढ्यात दादा आत आला, आणि त्याच्यामागून काठी टेकत आई. त्याने आईला ब्रह्मास्त्र म्हणून आणलं होतं. "साहेब, हिची मनःस्थिती बरोबर नाहीये," तो म्हणाला. "सख्खा भाचा सोडून कुणी असं करतं का? डॉक्टरचं सर्टिफिकेट तुम्हीच वाचा."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "साहेब, मी बावीस वर्षांची असताना याच ऑफिसात आले होते. वडील गेले, त्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. त्यांच्या घरातला माझा वाटा मी भावासाठी सोडते, म्हणून याच टेबलावर सही केली. तेव्हा मला कुणी विचारलं नाही, बाई शुद्धीत आहात का, दबाव आहे का, शंभरातून सात गेले किती. सोडताना बाई शहाणी आणि देताना वेडी, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय ते दाखवा. दाखवलंत तर मी सही न करता जाते."

दादा आईकडे वळला. "आई, तू तरी सांग हिला."

आईने काठी भिंतीला टेकवली आणि साहेबांनी न सांगता त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली. "सांगते," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांनी कागद केला नाही, म्हणून तू आपोआप मालक झालास. मला त्या घरात खिळा ठोकायचा झाला तरी तुला विचारावं लागतं. आता ही कागद करतेय तर गप्प बस." मग साहेबांना म्हणाली, "लेकीचं झालं की माझं घ्या. चार बांगड्या आहेत आणि शिवणयंत्र आहे. कुणाला ते मी अजून ठरवलं नाहीये. सगळ्यांनी नीट वागावं."

साहेबांनी शाईचा डबा माझ्याकडे सरकवला. मी अंगठा टेकवला, सही केली. काचवाल्या काकांनी आपलं नाव तीस वर्षांच्या सवयीने इतकं बारीक लिहिलं की कारकुनाने भिंग मागितलं. काकूंनी मात्र ऐसपैस सही ठोकली.

बाहेर आलो तेव्हा वहिनी बाकावर तशीच बसलेली होती, दोन्ही हात मांडीवर. मी म्हटलं, "झालं." तिने मान हलवली. मग तिने माझ्या अंगठ्याची शाई आपल्या पदराने पुसली. शाई गेली नाही, पदर निळा झाला.

एक गोष्ट मी इथे नोंदवून ठेवते. मी मरणार नाहीये. निदान त्रेचाळीस वर्षं तरी नाही. दादाने, सेक्रेटरींनी आणि खोलीची मापं काढणाऱ्यांनी तेवढी तयारी ठेवावी.

दादाची गाडी फाटकाशी उभी होती. त्या गाडीत पुढे आई बसते, आई नसेल तर भाचा बसतो, आणि वहिनी मागे पिशव्यांबरोबर. वहिनी सरळ चालत गेली, पुढचं दार उघडलं आणि बसली. दादा किल्ली हातात धरून उभाच राहिला. त्याने आईकडे पाहिलं.

"मला मागेच बरं," आई म्हणाली. "पाय लांब करता येतात."

दादा आत बसला. काच खाली होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. जरा वेळाने तो अगदी हळू, विनवल्यासारखं म्हणाला, "पण शेवटी तू ते घर आपल्या पोरालाच देशील ना?"

वहिनीने सीटचा पट्टा ओढला, नीट लावला, आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "बघू. आधी गाडी तर चालू करा."